खांदा टेकला, हे कोणी सांगावे?

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरीच्या गादीवर जे घडले, ते कुस्तीच्या लौकिकास साजेसे नव्हते. पृथ्वीराज मोहोळ यांनी चितपट केल्याचा निर्णय शिवराज राक्षे यांना मान्य झाला नाही आणि त्यांनी पंचांस लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडही निर्णयावर रुष्ट होऊन गादी सोडून गेले. दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात याच गायकवाडांना सिकंदर शेखविरुद्ध मिळालेल्या चार गुणांवरून वादंग माजले होते, आणि ते दोघेही आपल्याच सोलापूर जिल्ह्याचे मल्ल.

पंचांवर पाय उगारणाऱ्यास शासन झालेच पाहिजे. परंतु खांदा टेकला की नाही, हे सर्वांत आधी कोणास कळते? ज्याचा खांदा आहे त्यास, व ज्याने तो दाबून धरला त्यास. दोघेही मौन पाळतात आणि सारा भार पंचाच्या डोळ्यांवर पडतो.

परदेशांत डिस्क गोल्फ नावाचा, तबकडी फेकून खेळावयाचा खेळ आहे. तेथे सहसा प्रत्येक गटाबरोबर पंच नसतो. फेकताना पाय चुकीच्या जागी पडला, तर सोबतच्या स्पर्धकाने तत्काळ तसे म्हणावयाचे व दुसऱ्याने दुजोरा द्यावयाचा. योजना उत्तम, पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास तिच्यातील अडचण सहज उमगेल. नियम पाळला गेल्याचा लाभ सर्व स्पर्धकांत वाटला जातो, बोलण्याचा वाईटपणा मात्र एकट्याच्या पदरी येतो. मग जो तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, आणि नियमाचा बडगा बसतो तो नवख्यावर. शिवाय, आरंभी गप्प राहून अखेरच्या फेरीत आघाडीवरील खेळाडूची चूक दाखविणाऱ्यावर डाव साधल्याचा आरोप येतो, तोही अगदीच अनाठायी नव्हे.

१९८० साली मुंबईच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत गुंडप्पा विश्वनाथ यांनी बाद ठरलेल्या बॉब टेलर यांना परत बोलाविले. टेलर यांनी बॉथमबरोबर मोठी भागी रचली आणि भारत हरला. विश्वनाथांनी किंमत मोजली. पण सर्वांनीच तशी मोजावी, या भरवशावर स्पर्धा चालत नाहीत.

म्हणून हे औदार्यावर न सोडता सवयीत आणावे. करमाळ्यासारख्या तालुक्याच्या तालमींत सरावाच्या कुस्तीला पंच नसतोच म्हटले तरी चालेल. तेथे पडलेल्याने स्वतः ‘पडलो’ म्हणावे, लपविल्यास भोवतीच्या दोघांनी सांगावे, आणि सांगणाऱ्यास वस्तादांनी पाठीशी घालावे. प्रारंभ मात्र आवडत्या पठ्ठ्यापासून व्हावा.