तडीपार कोण?

एम. सी. स्टॅनचं नाव काढलं की आपल्यातली शिकलेली मंडळी एकतर कानावर हात ठेवतात, नाहीतर त्याला बक्षीस किती मिळालं ते सांगतात. 2020 साली त्याचा ‘तडीपार’ हा अल्बम आला तेव्हा कानावर हात होते. 12 फेब्रुवारी 2023 ला ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वात तो जिंकला आणि वाया गेलेलं पोरगं एका रात्रीत ‘आपला अल्ताफ’ झालं. गाणी मात्र ना तेव्हा ऐकली गेली ना नंतर.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मुलाच्या घरच्या भाषेपासून सुरुवात करा, असं बी.एड.ला शिकवतात. पण घरची भाषा कोणती? पुस्तकातली इक्बालची उर्दू आमच्या वर्गातल्या एकाही मुलाच्या घरी बोलली जात नाही. अम्मीशी दखनी, दुकानात मराठी, दोस्तांत सगळ्याची खिचडी. अल्ताफ शेख पुणे स्टेशनजवळच्या ताडीवाला रोडच्या वस्तीत वाढला, त्याची भाषा हीच. त्याचा ‘शेमडी’ हा शब्द देशभर गेला. आम्हाला तर तो मराठी शेंबडाचाच नातलग वाटतो. आणि ‘तडीपार’ हा आपल्या पोलीस चौकीतला शब्द. 1951 च्या पोलीस कायद्याने माणसाला जास्तीत जास्त दोन वर्षं हद्दीबाहेर काढता येतं, आणि त्यासाठी प्रत्येक वेळी गुन्हा शाबीत व्हावाच लागतो असं नाही. वस्तीतल्या पोराला या शब्दाचा अर्थ कोशात बघावा लागत नाही. तो त्याने अल्बमच्या माथ्यावर लावला, यावर आपल्या साहित्यिकांना काहीच म्हणायचं नाही?

आम्ही राहतो ते माले, मुळशी तालुक्यातलं गाव. पावसाळ्यात ताम्हिणीकडे निघालेल्या पुण्याच्या पोरांच्या गाड्यांतून हीच गाणी दारावरून जातात. या मुळशीच्या नावावर 2018 साली प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ आला. जमीन गमावलेल्या शेतकऱ्याचा पोरगा गुंड कसा होतो, याची ती गोष्ट. लोकांनी ती डोक्यावर घेतली आणि योग्यच केलं. 2021 साली तिच्यावरून हिंदीत ‘अंतिम’ निघाला, सलमान खानला घेऊन. त्याच सलमानने पुढे स्टॅनच्या हाती ट्रॉफी दिली, हा योगायोग. पण तिथल्या कोयत्याला आणि शिवीला समाजाचं वास्तव म्हणायचं, आणि स्टेशनजवळच्या मुसलमान पोराने आपल्या गल्लीचं वास्तव गायलं की त्याला घाण म्हणायचं, हा कुठला न्याय? 1972 साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला तेव्हाही नाकं मुरडली गेली होती. आज तो विद्यापीठांत शिकवला जातो. मार्च 2023 मध्ये इंदूरला करणी सेनेने अश्लीलतेच्या नावाखाली स्टॅनचा कार्यक्रम बंद पाडला, तर आमच्या ओळखीतले काही बुजुर्ग म्हणाले, बरं झालं! कोण कुणाला बंद पाडतंय, हेही त्यांना दिसू नये?

आम्ही त्याची वकिली करायला बसलेलो नाही. ढसाळांची शिवी वर बसलेल्याच्या तोंडावर जाते. स्टॅनची पुष्कळदा बाईवर, नाहीतर दुसऱ्या रॅपरवर पडते. वरून गळ्यातल्या साखळ्यांचा आणि बुटांच्या किमतीचा बडेजाव. आमच्या वर्गात मुलीही बसतात, आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेताने मुलगे या ओळी गुणगुणतात. हा दोष मोठा आहे. पण तो दाखवायला आधी ऐकावं लागतं. याच मुलाने ‘अस्तग़फ़िरुल्लाह’ नावाचं गाणं केलं. तौबा आणि मस्ती यांच्यामध्ये तो कसा हेलकावतो, ते आमच्या नववीच्या पोरांना कळतं. जुम्म्याच्या बयानात ‘गाणं हराम’ म्हणून विषय मिटवणाऱ्यांना ते कसं कळणार?

मराठीवरचा आपला हक्क सांगताना आपण बार्शीच्या शाहीर अमर शेखांचं नाव घेतो. 1990 साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं ते या हक्कासाठीच. मग तो हक्क फक्त प्रमाण मराठीपुरता का? पुढच्या अंकात कुणीतरी ‘तडीपार’ आणि 2022 च्या ‘इन्सान’वर रीतसर परीक्षण लिहावं, झोडपायचं असेल तर झोडपावं. अडलेल्या शब्दांचे अर्थ आम्ही वर्गातून आणून देतो.