क्लीन हिट होती, पण कोणाच्या नियमाने?

मंडळी, विषय आइस हॉकीचा आहे. पोस्ट मोठी आहे, पण पुढच्या सीझनच्या ट्रायआउट सुरू व्हायच्या आत हे बोलून घ्यायला हवं. ज्यांची मुलं इथे ओंटारियोत खेळतात त्यांनी तर नक्की वाचा.

आपल्या भागातल्या रिंकमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. एखादा मुलगा बोर्डावर आपटतो, उठायला वेळ लावतो, त्याची आई काचेपाशी धावते आणि वरच्या बाकावरून कोणीतरी सांगतं, "क्लीन हिट होती, लीगल आहे." झालं, विषय संपला! आपली मराठी मंडळीही आता हे वाक्य अगदी सराईतपणे टाकतात. टिम हॉर्टन्सच्या कॉफीबरोबर तेही शिकलो आपण.

माझा प्रश्न साधा आहे. लीगल म्हणजे कोणाच्या नियमाने?

आधी नियम बघू, कारण निम्मी भांडणं तो न वाचताच होतात. बॉडी चेकचा हेतू एकच, समोरच्याला पकपासून वेगळं करणं. खांदा, कंबर, धड यांनी तो द्यायचा. ज्याच्याकडे पक आहे किंवा ज्याने तो नुकताच सोडलाय, त्यालाच द्यायचा. लांबून वेग घेऊन अंगावर गेलात की चार्जिंग. पाठीमागून दिलात की चेकिंग फ्रॉम बिहाइंड. बेसावध खेळाडूला बोर्डावर आपटलंत की बोर्डिंग. कोपर वर आलं की एल्बोइंग. पक नसलेल्याला अडवलंत की इंटरफिअरन्स. म्हणजे चेक जोरात बसला हा काही गुन्हा नाही. समोरून, खांद्याने, पक असलेल्याला पूर्ण ताकदीने दिलेला चेक एनएचएलमध्ये वैध आहे आणि माझी त्याला हरकत नाही.

हा खेळच रानटी आहे असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. कबड्डीत डॅश मारून चढाईवाल्याला बाहेर फेकतात तेव्हा आपण टाळ्या वाजवतोच की. पण त्याच कबड्डीत तोंड दाबून दम मोडणं किंवा पायांची कैची घालणं फाउल आहे. अंगाला अंग भिडणाऱ्या प्रत्येक खेळात अशी एक रेघ असते.

आणि ही रेघ सरकते, हे लक्षात घ्या.

२६ मे २००० ची गोष्ट. न्यू जर्सी आणि फिलाडेल्फिया यांच्यातला सातवा, निर्णायक सामना. फिलाडेल्फियाचा एरिक लिंड्रोस मान खाली घालून पक घेऊन आत शिरला आणि न्यू जर्सीच्या स्कॉट स्टीव्हन्सचा खांदा थेट त्याच्या जबड्यावर बसला. लिंड्रोस बर्फावर आडवा. पेनल्टी? काही नाही. त्या वेळच्या नियमाने ती क्लीन हिट होती. लिंड्रोसचा पुढचा अख्खा सीझन खेळाविना गेला आणि फिलाडेल्फियाकडून तो लीगचा सामना पुन्हा कधीच खेळला नाही.

मग मार्च २०१०. पिट्सबर्गच्या मॅट कुकने बॉस्टनच्या मार्क सवार्डच्या डोक्यावर बाजूने खांदा घातला. सवार्डला तो येताना दिसलाही नाही. पुन्हा पेनल्टी नाही, बंदीही नाही, कारण मोडलेला नियमच सापडेना. त्यावर इतका गदारोळ झाला की लीगला काही दिवसांतच हालचाल करावी लागली आणि २०१०-११ च्या सीझनपासून डोक्यावरच्या चेकसाठी नियम ४८ पुस्तकात आला. सवार्ड त्यानंतर थोडा खेळला, जानेवारी २०११ मध्ये पुन्हा डोक्याला लागलं आणि त्याची कारकीर्द संपली.

म्हणजे सोमवारी लीगल असलेली गोष्ट शुक्रवारी बेकायदा होऊ शकते. मधल्या काळात डोकं तेच असतं, मेंदू तोच असतो. क्रिकेटवाल्यांना हे सांगायला नको. १९३२-३३ ची बॉडीलाइन गोलंदाजीसुद्धा नियमात बसत होती. खेळाची लाज जायची वेळ आली तेव्हा नियम बदलले.

आता आपल्या मुलांकडे येऊ. आपले काका-मामा शनिवारी रात्री टीव्हीवर एनएचएल बघतात आणि रविवारी सकाळी तेच नियम रिंकवरच्या पोरांना लावतात. इथेच घोळ होतो. एनएचएलमध्ये नियम ४८ लागायला डोकं हाच धक्क्याचा मुख्य बिंदू असावा लागतो आणि तो धक्का टाळता येण्यासारखा असावा लागतो. मार खाणाऱ्याने ऐन वेळी मान खाली घातली का, हेही बघतात. आंतरराष्ट्रीय सामन्यांत डोक्या-मानेच्या बाबतीत नियम जास्त कडक आहेत. आणि हॉकी कॅनडाच्या मुलांच्या खेळात तर डोक्याला धक्का चुकून लागला तरी पेनल्टी आहे. "त्याचीच मान खाली होती" हा बचाव तिथे चालत नाही. मग बाकावरून "क्लीन हिट" म्हणणारा माणूस नेमकं कोणतं पुस्तक वाचून बोलतोय?

वयाचाही नियम आहे. हॉकी कॅनडाने २०१३ मध्ये ठरवलं की अकरा-बारा वर्षांच्या गटात बॉडी चेकिंग नको. अमेरिकेने ते त्याआधी दोन वर्षं केलं होतं. हे कोणाच्या मायाळूपणामुळे झालं नाही, आकड्यांमुळे झालं. त्या वेळी अल्बर्टात या वयात चेकिंग चालायचं, क्वेबेकमध्ये नाही. संशोधकांनी दोन्हीकडच्या मिळून दोन हजारांवर मुलांचा एक सीझन अभ्यास केला. २०१० मध्ये निष्कर्ष छापून आले. अल्बर्टातल्या मुलांना कन्कशनचा धोका तिपटीहून जास्त होता. खेळ तोच, वय तेच, फरक फक्त नियमाचा.

यावर ठरलेलं उत्तर येतं. "लहानपणीच शिकले नाहीत तर मोठेपणी जास्त मार खातील." मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. त्याच संशोधकांनी पुढच्या वयोगटात हेही तपासलं. आधीपासून चेकिंग करणाऱ्या मुलांमध्ये आठवड्याहून जास्त घरी बसवणाऱ्या दुखापती काहीशा कमी दिसल्या, हे मान्य करायला हवं. पण कन्कशन काही कमी झाली नाहीत. आणि नंतर १५ ते १७ वयाच्या मुलांचा अभ्यास झाला, त्यात चेकिंगचा जास्त वर्षांचा अनुभव असलेल्यांनाच जास्त दुखापती झालेल्या आढळल्या. लवकर शिकल्याने डोकं वाचतं, हा दावा टिकत नाही.

माझा मुलगा पुढच्या सीझनला यू-१४ मध्ये जाईल. रेप टीममध्ये याच वयात चेकिंग सुरू होतं. हे वय कसलं असतं ते आठवा. एकाला मिसरूड फुटलेली असते, आवाज फुटलेला असतो, आणि त्याच्यासमोर उभा असलेला पोरगा अजून चौथीतला वाटतो. वजनात दुपटीचा फरक. दोघांनीही नियम तंतोतंत पाळले तरी टक्कर बरोबरीची होत नाही.

आणि ज्यांना वाटतं की रिंकवर देशाचा कायदा लागू होत नाही, त्यांच्यासाठी. खेळायला उतरणारा माणूस खेळातल्या नेहमीच्या धक्क्यांना संमती देतो असं इथली कोर्टं धरतात, पण त्या संमतीला हद्द आहे. २००० मध्ये मार्टी मॅकसॉर्लीने डोनाल्ड ब्रॅशियरच्या डोक्यावर स्टिक मारली, तर व्हँकुव्हरच्या कोर्टाने त्याला दोषी ठरवलं. तो चेक नव्हता, वार होता, असं म्हणाल. ठीक. मग ओटावाचा खटला घ्या. २०१२ मध्ये मोठ्या माणसांच्या हौशी लीगमध्ये, जिथे चेकिंगला परवानगीच नव्हती, सामना संपता संपता एकाने दुसऱ्याला बेसावध असताना धडक दिली. २०२० मध्ये कोर्टाने त्याला सात लाख डॉलर्सहून जास्त भरपाई द्यायला लावली. मोठ्या लीगमध्ये काय खपतं, याने हौशी खेळाडू वाचत नाही.

ओंटारियोत रोवन्स लॉ आहे, २०१८ चा. रग्बी खेळताना एकामागून एक कन्कशन होऊन गेलेल्या सतरा वर्षांच्या मुलीच्या नावाने तो झाला. कन्कशनचा नुसता संशय आला तरी मुलाला खेळातून बाहेर काढायचं आणि डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय परत पाठवायचं नाही. दरवर्षी आपणही ती माहिती वाचून मान्य केल्याची खूण करतो. खरं सांगा, किती जण वाचून करतात?

मला चेकिंग बंद करायचं नाहीये. ज्या मुलांना वरच्या पातळीवर जायचंय, ज्यांच्या टीममध्ये ते नीट शिकवतात, त्यांनी जरूर खेळावं. पण खालच्या रेप टीममध्ये, जिथून फारसं कोणी व्यावसायिक खेळाडू होणार नाही, तिथे चेकिंगशिवायचा पर्याय असायला हवा. कॅनडात काही ठिकाणी तो आहे. आपल्या क्लबच्या वार्षिक सभेला पालक जात नाहीत, मग ठराव दुसरेच मांडतात. या वेळी जाऊ या आणि ही मागणी लेखी देऊ या.

तोपर्यंत तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. ट्रायआउटच्या आधी कोचला विचारा, चेक द्यायला आणि घ्यायला किती प्रॅक्टिसमध्ये शिकवणार? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी टीम बघा. मुलाला हाउस लीगच खेळायची असेल, जिथे चेकिंग नाही, तर त्याला भित्रा म्हणू नका, त्याच्यासमोर इतरांनाही म्हणू देऊ नका. आणि डोक्याच्या धक्क्यावर रेफरीने शिट्टी वाजवली की त्याच्यावर ओरडू नका. तो बहुतेक वेळा सोळा-सतरा वर्षांचा पोरगाच असतो, आणि ती शिट्टी तुमच्या मुलासाठीही असते.

मुलांच्या जर्सीच्या पाठीवर स्टॉपचं लाल चिन्ह शिवलेलं तुम्ही पाहिलं असेल. मागून येणाऱ्या खेळाडूसाठी आहे ते. ते बाकावर बसलेल्यांनाही दिसतं.

सहमत नसाल तर जरूर लिहा, वाद घालू. फक्त "लीगल आहे" एवढंच लिहून थांबू नका. कोणत्या वयाला, कोणत्या पातळीवर आणि कोणत्या पुस्तकाप्रमाणे, तेही लिहा.