‘बरा झाला’ म्हणजे नेमके काय?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. तालुक्याच्या गावातल्या एका बँकशाखेत मी व्यवस्थापक होतो. आमचा एक कारकून मानसिक आजारामुळे सात महिने रजेवर होता. एका सोमवारी तो कामावर हजर झाला. हातात डॉक्टरांचा दाखला : ‘कामावर रुजू होण्यास योग्य’. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, बोलणे नेमके. सगळ्यांना बरे वाटले. त्या दिवशी कॅशियर आला नव्हता. आजारापूर्वी या माणसाचा हात नोटा मोजण्यात सर्वांत जलद होता, एवढे आठवून मी त्याला सरळ रोख खिडकीवर बसवले.

तेव्हा नोटा हातानेच मोजायच्या, टोकन पाहायचे, स्क्रोलमध्ये नोंद करायची, आणि हे सारे रांगेतल्या घाईगर्दीला तोंड देत. दुपारपर्यंत रांग दारापाशी पोहोचली. तो तेच बंडल चौथ्यांदा मोजत होता. कुणीतरी मोठ्याने बोलले. त्याने बंडले नीट रचली, खिडकी बंद केली आणि उठून घरी गेला. पुन्हा आला तो राजीनामा घेऊनच. संध्याकाळी रोख मोजली तेव्हा ती पै न् पै जुळली होती.

डॉक्टरांचा दाखला खोटा नव्हता. त्यांनी आजार तपासला होता. तो आटोक्यात आला होता. पण रोख खिडकीचे काम आणि हा माणूस यांची गाठ घालून कुणी पाहिलेच नव्हते. ते पाहायला हवे, हे मला सुचले नाही याची खंत अधिक आहे. कारण हाच मी किराणा दुकानदाराला कर्ज देण्यापूर्वी त्याच्या दुकानात जाऊन माल पाहून येत असे. कागदावर कितीही सुंदर लिहिलेले असो, जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय सही करायची नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. माणसाच्या बाबतीत मात्र मी कागदावर विसंबलो.

पुढे बऱ्याच वर्षांनी समजले की, नेमके हेच जागेवर जाऊन पाहण्याचे काम करणारी एक शास्त्रशाखा आहे. तिचे नाव ऑक्युपेशनल थेरपी, मराठीत व्यवसायोपचार. नाव थोडे फसवे आहे. व्यवसाय म्हटले की आपल्याला दुकान किंवा नोकरी आठवते. इथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर ज्या ज्या गोष्टींत गुंतलेला असतो त्या साऱ्या : अंघोळ, स्वयंपाक, बाजारहाट, एसटीचा प्रवास, शेजाऱ्याशी दोन शब्द. अमेरिकेत १९१७ साली या शाखेची संघटना स्थापन झाली. आजाराने दिवसाची घडी विस्कटते आणि ती पुन्हा बसवणे हाही उपचारच आहे, हा विचार तिच्या मुळाशी होता. आपल्याकडे ती आणली कमला निंबकर यांनी. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने निंबकर झालेल्या या बाईंनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. म्हणजे हे काही काल-परवा आलेले खूळ नव्हे. पाऊणशे वर्षे ते आपल्यात आहे. तरीही मनोरुग्णालयातला व्यवसायोपचार म्हणजे मेणबत्त्या आणि कागदी पाकिटे, एवढीच आपली समजूत.

चहा करून दाखवा

या शाखेतले मोजमाप कसे चालते? समजा, स्किझोफ्रेनियाच्या आजारातून सावरणारी चाळिशीची एक गृहिणी आहे. डॉक्टर विचारतात, ‘घरातले काम करता का?’ ती म्हणते, ‘करते.’ नवरा म्हणतो, ‘काही करत नाही.’ दोघेही खोटे बोलत नसतात. व्यवसायोपचारतज्ज्ञ त्यांच्यात निवाडा करत बसत नाहीत. त्या म्हणतात, ‘दोन कप चहा करू या.’

मग त्या बाजूला उभ्या राहून पाहतात. पातेले, साखर, चहापूड आधी जमवली का, की प्रत्येक वस्तूसाठी पुन्हा फडताळाकडे फेरी झाली? साखरेचा डबा नेहमीच्या जागी नव्हता, तेव्हा शोधला की हात थांबला? पाणी उकळते आहे हे लक्षात आले का? दूध वर येताना गॅस बारीक केला का? शेवटी गॅस बंद झाला का? आणि जिथे अडले तिथे काय केल्याने गाडी पुढे सरकली : नुसते थांबल्याने, एका शब्दाने, खुणेने, की हात धरून?

अ‍ॅन फिशर या अमेरिकन तज्ज्ञांनी बसवलेल्या एका प्रसिद्ध पद्धतीत अशी निरीक्षणे छत्तीस कौशल्यांत विभागली आहेत : सोळा हालचालींची आणि वीस कामाच्या रीतीची. काम मात्र रुग्णाने स्वतः निवडायचे, आणि तेही ओळखीचे. पोळ्या लाटण्यात जन्म गेलेल्या बाईला केक करायला सांगून तिची परीक्षा होत नाही.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण या विषयातल्या बऱ्याच पट्ट्या परदेशात तयार झाल्या. अमेरिकेतल्या कोहलमन चाचणीत पैशाचे व्यवहार आणि टेलिफोनचा वापर यांना स्थान आहे. आता आमच्या शाखेत मी शेकडो धडधाकट बायका पाहिल्या, ज्यांनी आयुष्यात स्वतः स्लिप भरली नव्हती. खाते त्यांचे, व्यवहार मुलाचा. त्यांना त्या रकान्यात नापास करणे म्हणजे घराची रीत आजाराच्या खात्यावर टाकणे होय. उलट दळणाचा हिशेब, भिशीचे पैसे, सणावाराचे देणेघेणे त्यांच्या बोटांवर असते. पट्टी वापरायला हरकत नाही, पण ती कुणाच्या अंगणात लावतो आहोत याचे भान हवे.

‘आळशी’ या शब्दाखाली

घरोघरी ऐकू येणारे एक वाक्य असते : ‘आता तर बरा आहे, मग उठत का नाही? आळशीपणा, दुसरे काय!’ निरीक्षणाचा सर्वांत मोठा उपयोग इथे होतो. समजा, एक तरुण अंघोळ करत नाही. त्यामागे निदान चार वेगळी कारणे असू शकतात.

पहिले, आजारानेच सुरुवात करण्याची ओढ हिरावलेली असते. औषधांनी कानातले आवाज आणि मनातले संशय पुष्कळदा शमतात. पण ही मरगळ त्या मानाने औषधांना कमी दाद देते. दुसरे, लक्ष आणि क्रम यांचा घोटाळा होतो : टॉवेल, साबण, कपडे यांची साखळी मधेच तुटते. तिसरे, गोळ्यांची गुंगी किंवा अंगाचा ताठरपणा. आणि चौथे, त्याला करूच दिले जात नाही. आई पाणी काढते, कपडे काढून ठेवते, ताटही पुढ्यात आणते. तिच्या मायेला नावे ठेवण्याचे कारण नाही; पण वर्षभरात हात ते काम विसरतो.

बाहेरून चारही माणसे सारखीच दिसतात : न उठणारी. उपाय मात्र चार. पहिल्याला ठरलेली वेळ आणि सोबत हवी. दुसऱ्याला न्हाणीघराच्या दारावर क्रमाने लिहिलेला कागद पुरेल. तिसऱ्याने डॉक्टरांना सांगून डोस किंवा वेळ बदलून घ्यावी. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. चौथ्याच्या आईला थोडे मागे सरकण्याचे धैर्य द्यावे लागेल. कारण न शोधता बोलणी खाणे मात्र चौघांच्याही नशिबी येते.

चाळीस टक्क्यांचा हिशेब

सरकारदरबारी या मोजमापाला एक वेगळेच रूप आहे. मानसिक आजारामुळे येणारे अपंगत्व मोजण्यासाठी आपल्याकडे २००२ पासून ‘आयडियाज’ नावाची पट्टी आहे. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेच ती तयार केली. तिच्यात चार गोष्टी पाहतात : स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व समज, आणि काम. कामात नोकरीबरोबर घरकाम आणि शिक्षणही धरले आहे, ही समंजस गोष्ट. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, आजाराच्या कालावधीचे आणखी चारपर्यंत, एकूण वीस. सात गुण झाले की चाळीस टक्के. आणि २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानुसार राखीव जागांसारखे लाभ चाळीस टक्क्यांपासून सुरू होतात.

पट्टी वाईट नाही. पण तिचा वापर बहुधा दाखल्यापुरता, त्या एका दिवसापुरता होतो. आणि गुण वाढले तरच लाभ, असा हिशेब असल्यामुळे घराघरांत एक विचित्र पेच उभा राहतो. एका वडिलांनी मला सांगितले, ‘तपासणीच्या दिवशी मुलाला म्हटले, आज दाढी करू नकोस.’ वर्षभर ज्या दाढीसाठी त्यांनी मुलाची मनधरणी केली, तीच त्या सकाळी थांबवावी लागली. त्या वडिलांना दोष देण्याची माझी हिंमत नाही.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर दाखला हा ताळेबंद आहे : एका तारखेची स्थिती. तोही लागतोच. पण संसार चालतो तो पासबुकावर. गेल्या महिन्यात चहाला तीनदा सांगावे लागले, या महिन्यात एकदा. भाजी आणताना सुटे पैसे मोजून घेतले. भावाच्या लग्नात तासभर बसला. या नोंदी ठेवणारे कुणी नसेल तर सुधारणा होत असूनही कुणाला दिसत नाही, रुग्णाला तर नाहीच.

आता व्यवस्थेकडे पाहू. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा चांगला आहे. समाजात राहण्याचा रुग्णाचा हक्क त्याने मान्य केला. निव्वळ आजाराच्या निदानावरून कुणालाही वेडसर ठरवता येणार नाही, त्यासाठी न्यायालयाचा निर्णय लागेल, असेही त्यात म्हटले आहे. पण त्याच कायद्यातल्या मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते, परिचारिका ही नावे सापडतात. व्यवसायोपचारतज्ज्ञाचे नाव नाही. १९९६ पासून चाललेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या ठरलेल्या चमूतही ते पद नाही. २०२२ साली सुरू झालेली १४४१६ ही ‘टेलिमानस’ सेवा उपयोगाची आहे. पण फोनवर दुःख ऐकता येते, दूध उतू जाताना दिसत नाही.

याची किंमत कोण मोजते? बरे होऊनही मनोरुग्णालयात अडकून पडलेली माणसे. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहात वा वृद्धाश्रमात हलवण्याची पद्धत थांबवा, असे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राला बजावावे लागले. घरचे नेत नाहीत, हे त्यामागचे एक दुखणे. पण ‘याला काय जमते आणि काय जमत नाही’ हे घरच्यांना कुणी नीट सांगितले असते, तर काही दारे तरी उघडली असती असे मला वाटते. माणूस ओझे वाटतो तो पुष्कळदा तो किती जड आहे हे ठाऊक नसल्यामुळे.

केईएम, सायन, नायर आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे व्यवसायोपचाराची पदवी मिळते. ती माणसे तयार होतात. जिल्ह्याच्या चमूत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवणे ही सरकारने करण्याजोगी, फार खर्चाची नसलेली गोष्ट आहे.

तोपर्यंत घरात काय करावे? एक वही घ्यावी. तीन रकाने : आपणहून केले, सांगितल्यावर केले, आपण करून दिले. पहिले काम कोणते घ्यायचे ते त्याचे त्याला ठरवू द्यावे. त्याला गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालायचे असेल तर तिथूनच आरंभ. वही लपवून लिहू नये. ती त्याचीच आहे. गॅस, औषधे आणि मोठी रक्कम यांबाबत आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. आणि पुढच्या भेटीला फाइलबरोबर ती वहीही न्यावी. ‘कसे आहे?’ या प्रश्नाला ‘ठीक’ याहून चांगले उत्तर तिच्यात असते.

तो कारकून मला अकरा वर्षांनी एसटी स्टँडवर भेटला. भावाच्या पिठाच्या गिरणीत हिशेब पाहत होता. ‘एकावेळी एकच गिऱ्हाईक, साहेब. जमते,’ म्हणाला. कुणा तज्ज्ञाच्या मदतीवाचून, ठेचकाळत, त्याने आपल्या जोगे काम शोधले होते. मी त्याला पहिल्या दिवशी आतल्या खोलीत दोन तास व्हाउचर लावायला दिली असती आणि शेजारी बसून नुसते पाहिले असते, तर ही अकरा वर्षे त्याला लागली नसती.

गाडी लागली तेव्हा त्याने विचारले, ‘त्या दिवशी रोख जुळली होती ना?’

‘जुळली होती,’ मी म्हणालो. हे त्याला त्याच संध्याकाळी घरी जाऊन सांगायला हवे होते.