ट्रेलरच्या डावीकडून घुसू नका

आंब्याच्या पेट्या घेऊन काशीदहून रेवदंडा, अलिबाग करत वडखळला हायवेला लागलात की मोठे ट्रेलर सुरू होतात. अपघात झाला की आपण ट्रकवाल्यालाच शिव्या घालतो. पण डावीकडच्या फटीत गाडी घालायची सवय आपलीच आहे ना? ट्रकचा ड्रायव्हर उजवीकडे बसतो, डावीकडचं त्याला सगळ्यात कमी दिसतं. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. डावीकडे वळताना ट्रेलरची मागची चाकं आत येतात, बाईकवाला तिथेच चिरडतो.
१९ जानेवारी २०२३ ला पहाटे माणगाव तालुक्यात रेपोलीजवळ ट्रक आणि व्हॅनची धडक झाली, व्हॅनमधले नऊ-दहा जण गेले. वाशी मार्केट गाठायला आपणही अशाच अंधारात निघतो. समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसल्याशिवाय ओव्हरटेक नकोच.
उशीर झाला तर भाव पडेल ही धास्ती असते, कळतं. तरी आपल्या संकलन केंद्रावर यायला वेळ लागणार असेल तर नुसता फोन करा. काटा चालू ठेवू, पेट्या उतरवून घेऊ.