तोफा वाढल्या, नौका बुडाली

जपानच्या हिरोशिमा प्रांतातील कुरे या बंदरात २३ एप्रिल २००५ रोजी एक संग्रहालय सुरू झाले. त्याच्या अधिकृत नावात सागरी इतिहास आणि विज्ञान हे शब्द असले, तरी साऱ्या जपानात ते ‘यामातो संग्रहालय’ म्हणूनच ओळखले जाते. कारण उघड आहे. याच बंदरात बांधलेल्या ‘यामातो’ या महाकाय युद्धनौकेची एक-दशांश आकाराची प्रतिकृती त्याच्या मध्यवर्ती दालनात उभी करण्यात आली. तिची लांबी २६.३ मीटर आहे. पहिल्या दहा वर्षांतच सुमारे एक कोटी लोकांनी या संग्रहालयाला भेट दिली.

या प्रतिकृतीपुढे उभ्या राहणाऱ्याची नजर साहजिकच मुख्य तोफांकडे जाते. मूळ नौकेवर ४६ सेंटिमीटर व्यासाच्या नऊ तोफा होत्या. एवढ्या मोठ्या तोफा जगातील दुसऱ्या कोणत्याही वर्गाच्या युद्धनौकेवर बसविल्या गेल्या नाहीत. मात्र ‘यामातो’ची खरी कहाणी समजून घ्यायची, तर नजर नौकेच्या मध्यभागाकडे वळवायला हवी. धुराड्याच्या आणि टेहळणी मनोऱ्याच्या दोन्ही अंगांना तेथे लहान-लहान तोफांचे अक्षरशः रान माजलेले दिसते. या आहेत विमानवेधी तोफा. प्रतिकृतीत त्यांच्या नळीचे छिद्र जेमतेम अडीच मिलिमीटरचे ठरते. इतक्या बारीक वस्तूत एका साम्राज्याचा चुकलेला हिशेब दडलेला आहे.

सहा दिवसांचे अंतर

‘यामातो’च्या बांधणीला नोव्हेंबर १९३७ मध्ये कमालीच्या गुप्ततेत प्रारंभ झाला. समुद्रावरील युद्धाचा निकाल मोठ्या तोफांच्या माऱ्यानेच लागेल, हा त्या काळचा सर्वमान्य सिद्धांत होता. १६ डिसेंबर १९४१ रोजी ही नौका जपानी नौदलात दाखल झाली. त्याच्या अवघ्या सहा दिवस आधी, १० डिसेंबरला, जपानी विमानांनी मलायाच्या किनाऱ्याजवळ ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या दोन बलाढ्य ब्रिटिश युद्धनौका बुडविल्या होत्या. खुल्या समुद्रात, चालत्या स्थितीत असलेल्या मोठ्या युद्धनौका केवळ विमानांच्या बळावर बुडविता येतात, हे जगाला दाखवून दिले ते जपाननेच. आणि त्याच आठवड्यात त्याने त्या सिद्धांताचे सर्वांत मोठे स्मारक समुद्रात उतरविले!

सुरुवातीला ‘यामातो’वर १२.७ सेंटिमीटरच्या बारा आणि २५ मिलिमीटरच्या चोवीस विमानवेधी नळ्या होत्या. युद्ध पुढे सरकले तशी ही संख्या फुगत गेली. १९४४ मध्ये कुरेच्या गोदीत दोन्ही बाजूंचे १५.५ सेंटिमीटर तोफांचे बुरूज काढून टाकण्यात आले आणि त्या जागी १२.७ सेंटिमीटरच्या आणखी बारा नळ्या बसविल्या गेल्या. २५ मिलिमीटरच्या नळ्यांची नेमकी संख्या किती झाली, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. तथापि, अखेरीस ती दीडशेच्या घरात पोचली होती. कुरेची प्रतिकृती नौकेचे हे अखेरचे रूप दाखविते. पहिल्या दिवसाचे दिमाखदार रूप नव्हे, तर संकटाची जाणीव झाल्यावर जागा मिळेल तेथे तोफा ठोकलेले रूप.

संख्या आणि परिणाम

एवढ्या तोफांचा उपयोग किती झाला? उत्तर विदारक आहे. २५ मिलिमीटरची ही तोफ मूळच्या फ्रेंच हॉचकिस तोफेवर बेतलेली होती. तिच्या मॅगझिनमध्ये एका वेळी केवळ पंधरा गोळ्या मावत. त्यामुळे ती वारंवार बदलावी लागे आणि प्रत्यक्षात एका नळीतून मिनिटाला सुमारे ११० ते १२० गोळ्याच सुटत. तोफ वळविण्याचा वेग वेगवान विमानांच्या मानाने कमी होता. गोळीबार सुरू झाला की हादऱ्यांनी नेम ढळे. परिणामकारक पल्लाही जेमतेम तीन हजार मीटर. दुसरीकडे अमेरिकी नौदलाने आपल्या पाच इंची तोफांच्या गोळ्यांत, विमानाच्या जवळ पोचताच आपोआप फुटणारा रेडिओ फ्यूज बसविला होता आणि त्या तोफांना रडारचे मार्गदर्शन होते. जपानकडे तसा फ्यूज नव्हता. उणीव तंत्राची होती. भरपाई मात्र संख्येने करण्याचा प्रयत्न झाला.

त्यातही एक विसंगती होती. ४६ सेंटिमीटरच्या तोफा डागल्या की त्यांच्या स्फोटलहरीने उघड्या डेकवरील माणसाचा बळी जाऊ शकत असे. म्हणून काही लहान तोफांना पोलादी आवरणे होती. परंतु नंतर वाढविलेल्या अनेक तोफा उघड्याच राहिल्या. म्हणजे नौकेचे मुख्य शस्त्र वापरायचे, तर तिच्या रक्षणासाठी नेमलेल्या माणसांनी आधी आडोसा गाठायचा! मुख्य तोफांतून विमानांवर डागण्यासाठी ‘सान-शिकी’ नावाचे खास आग ओकणारे गोळेही तयार केले होते. त्यांचाही फारसा प्रभाव पडला नाही.

‘यामातो’ची जुळी बहीण ‘मुसाशी’ २४ ऑक्टोबर १९४४ रोजी फिलिपाइन्सच्या सिबुयान समुद्रात विमानहल्ल्यातच बुडाली. तरीही एप्रिल १९४५ मध्ये ‘यामातो’ला हवाई संरक्षणाविना ओकिनावाकडे धाडण्यात आले. ७ एप्रिलच्या दुपारी आकाशात ढग खाली उतरले होते. ढगांतून विमाने बाहेर पडत तेव्हा तोफचींच्या हाती नेम धरायला काही क्षणच उरत. तीनशेहून अधिक अमेरिकी विमानांनी लाटांमागून लाटा केल्या. टॉर्पेडोंचा मारा प्रामुख्याने डाव्या बाजूवर झाला. दोन तासांच्या आत नौका कलंडली आणि प्रचंड स्फोट होऊन बुडाली. नौकेवरील तीन हजार तीनशेहून अधिक जणांपैकी पावणेतीनशेच्या आसपास वाचले. अमेरिकेने गमावलेली विमाने होती दहा.

कुरेत पुन्हा हालचाल

हा इतिहास आज पुन्हा वाचण्याचे कारण कुरेतच घडत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये जपानने पाच वर्षांत ४३ लाख कोटी येन संरक्षणावर खर्च करण्याचे धोरण जाहीर केले. ‘कागा’ ही हेलिकॉप्टरवाहू नौका एफ-३५बी विमानांसाठी कुरेतच सुधारण्यात आली. शहराचा आर्थिक कणा असलेला निप्पॉन स्टीलचा कारखाना सप्टेंबर २०२३ मध्ये बंद पडला. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये जपानच्या संरक्षण मंत्रालयाने तेथे बहुउद्देशीय संरक्षण केंद्र उभारण्याचा प्रस्ताव मांडला. मार्च २०२५ मध्ये तिन्ही दलांसाठीच्या सागरी वाहतूक पथकाचे मुख्यालय कुरेतच सुरू झाले. ज्या गावाने नौदलाच्या बळावर वैभव पाहिले आणि १९४५च्या बॉम्बवर्षावात त्याची किंमतही मोजली, त्या गावापुढे रोजगार की स्मृती, असा प्रश्न पुन्हा उभा आहे. चीनचे वाढते नौदल आणि उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रे पाहता जपानची चिंता अनाठायी म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो चिंतेला दिलेल्या उत्तराच्या दर्जाचा.

हा प्रश्न एकट्या जपानचा नाही. १४ एप्रिल २०२२ रोजी काळ्या समुद्रात रशियाची ‘मोस्क्वा’ ही क्रूझर बुडाली. तिच्यावर विमानवेधी क्षेपणास्त्रांची वानवा नव्हती. २०२३च्या अखेरीपासून लाल समुद्रात स्वस्त ड्रोन पाडण्यासाठी पाश्चात्त्य नौदलांना कोट्यवधींची क्षेपणास्त्रे खर्ची घालावी लागली. विमानाची जागा ड्रोनने घेतली, इतकेच. मोठी, महागडी नौका आणि तिच्यावर तुटून पडणारे लहान, स्वस्त शत्रू, हे समीकरण तेच राहिले.

मुंबईच्या वाचकाला हे समीकरण परके वाटू नये. ‘विशाखापट्टणम’, ‘मोरमुगाव’, ‘इम्फाळ’ आणि ‘सुरत’ या चार विनाशिका माझगाव गोदीत बांधल्या गेल्या. त्यांच्यावर ‘बराक-८’ क्षेपणास्त्रे आहेत आणि जवळच्या माऱ्यासाठी एके-६३० या सहा नळ्यांच्या तोफा आहेत. एके-६३० मिनिटाला हजारो गोळ्या झाडते. तंत्र कितीतरी पुढे गेले, यात शंका नाही. परंतु एकाच वेळी शंभर ड्रोन आले तर काय, हा प्रश्न नौकेवर आणखी एक तोफ बसवून सुटणारा नाही. तो टेहळणीचा, हवाई छत्राचा आणि मुळात नौका कोठे पाठवायची या निर्णयाचा प्रश्न आहे. ‘यामातो’वर तोफा कमी नव्हत्या, कमी पडला तो वेळेवर घेतलेला निर्णय.

स्मृतीच्या बाबतीतही तुलना टळत नाही. १९७१च्या युद्धात पराक्रम गाजविलेली आपली ‘विक्रांत’ काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. ती २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव बंद झाली आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. आपल्याकडे खरी नौका होती, ती राखता आली नाही. कुरेकडे नौकाच उरली नव्हती. त्यांनी तिची एक-एक तोफ पुन्हा घडविली.

त्या तोफांपाशी एक गोष्ट मात्र दिसत नाही. तीन नळ्यांची प्रत्येक तोफ चालवायला आठ-नऊ जण लागत. गोळ्या आणणारे, मॅगझिन बदलणारे, चाके फिरविणारे. बहुतेक उघड्यावर आणि पुष्कळसे विशीच्या आतबाहेरचे. एक-दशांश मापात त्यांची उंची सतरा सेंटिमीटरही भरली नसती. वाढीव तोफेचा आदेश कागदावर एका ओळीचा असतो. त्या ओळीमागे आणखी किती माणसे उघड्या डेकवर उभी राहणार, याचा हिशेब १९४४ मध्ये कुरेच्या गोदीत कोणी मांडला असेल, असे वाटत नाही. आज संरक्षणाचे नवे आकडे मांडणाऱ्यांनी, ते टोकियोत असोत वा दिल्लीत, तो आधी मांडावा.