पुस्तकांना पैसे आहेत, पुस्तक हातात देणाऱ्या माणसाला नाहीत

भद्रावतीकर मित्रांनो, पोस्ट लांब आहे. पण घरात शाळेत जाणारं लेकरू असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आपल्या शाळांमधून ग्रंथपाल नावाचा माणूस संपत चालला आहे. त्याला कुणी नोकरीवरून काढत नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही. तो निवृत्त होतो, शाल-श्रीफळ देतात, ग्रुप फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशीपासून खुर्ची रिकामी. संस्था प्रस्ताव पाठवते. कधी उत्तर येतं की पटसंख्या कमी झाली, पद बसत नाही. कधी उत्तरच येत नाही. चार वर्षांनी नवीन पालकांना विचारा, शाळेत असं पद होतं हेही त्यांना माहीत नसतं. कात्री अशी चालवली की आवाज होत नाही, आणि आवाज नाही म्हणून मोर्चाही नाही.

आता नियम बघा. अनुदानित माध्यमिक शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल हवा असेल तर हजारावर विद्यार्थी लागतात. त्याखाली अर्धवेळ पद, तेही पट पुरेसा असेल तर. 2019 मध्ये शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा आकृतिबंध सुधारला, पण मोजायची पट्टी पटसंख्येचीच राहिली. मला सांगा, चंदनखेडा, मुधोली, नंदोरी या भागातली कोणती शाळा हजारावर जाणार? भामरागड, एटापल्लीचं तर नावच नको. म्हणजे ज्या गावात पुस्तकाचं दुकान नाही, पेपर दुपारी येतो, घरात पाठ्यपुस्तकाशिवाय दुसरं पुस्तक नाही, नेमक्या त्याच गावातल्या शाळेला ग्रंथपाल मिळत नाही. गरज जास्त तिथे माणूस कमी. हा हिशोब कुणी केला?

काही जण म्हणतील, उगाच घाबरवता. तर शिपायांचं काय झालं ते आठवा. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतली शिपायांची पदं, आहे तो माणूस निवृत्त झाला की बाद करायची आणि त्याऐवजी शाळेला ‘शिपाई भत्ता’ द्यायचा असं ठरलं. ग्रामीण भागासाठी तो महिना 5000 रुपये! आता या पैशात शाळा झाडायला, घंटा द्यायला आणि रात्री राखण करायला माणूस शोधून दाखवा. एकदा पदाचा भत्ता झाला की पुढचा नंबर कुणाचा, हे कळायला ज्योतिषी लागत नाही.

शिक्षणहक्क कायदा 2009 चा. त्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलं आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं असतील. छान. पण ते ग्रंथालय चालवायला कोण असेल, यावर एक ओळ नाही. समग्र शिक्षा योजनेत शाळांना पुस्तकांसाठी वर्षाला 5 हजारांपासून 20 हजारांपर्यंत अनुदान ठरलं. तेही छान. त्यातून पुस्तकं येतात. पुढे?

पुढे काय होतं ते मी बातमीच्या निमित्ताने शाळांमधून फिरताना पाहतो. ग्रंथालयाचा ‘चार्ज’ एखाद्या शिक्षकाकडे असतो. त्यांच्याकडे आठवड्याचे तास, वरून ऑनलाइन माहिती भरणं, शिष्यवृत्तीचे अर्ज, निवडणुकीची कामं. पडताळणीत पुस्तक कमी भरलं तर उत्तर त्यांनाच द्यायचं. मग गुरुजी काय करणार? कपाटाला कुलूप लावणार. मी त्यांना दोष देत नाही. पोरांनी पुस्तक हाताळलं तर फाटेल, हरवेल, आणि कपाट बंद ठेवलं तर रजिस्टर बरोबर जुळतं. आपण व्यवस्थाच अशी केली की पुस्तक वाचलं गेलं तर शिक्षक अडचणीत आणि वाळवीने खाल्लं तर निर्लेखनाचा साधा प्रस्ताव.

तपासणीच्या आदल्या दिवशी कपाट उघडतं. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला उघडतं. 2024 मध्ये महावाचन उत्सव झाला तेव्हाही उघडलं. फोटो अपलोड झाले, कपाट बंद.

“सगळं मोबाईलवर आहे, ग्रंथपाल कशाला?” हा प्रश्न मला शिकलेली माणसं विचारतात. भाऊ, मोबाईलवर सगळं आहे म्हणूनच तर माणूस लागतो! सातवीतल्या पोराच्या हाती मोबाईल दिला की तो काय बघतो ते तुम्हालाही माहीत आहे. याला कोणतं पुस्तक झेपेल, ही पोरगी गोष्टींवरून चरित्राकडे कधी जाईल, हा माडिया किंवा गोंडी बोलणारा मुलगा मराठी वाचताना कुठे अडतो आणि त्याला आधी चित्रांचं पुस्तक द्यावं का, हे ओळखणारा माणूस म्हणजे ग्रंथपाल. पुस्तकावर शिक्का मारणं हे त्याचं सगळ्यात छोटं काम.

“मग आपल्याकडे अभ्यासिका वाढल्या ना?” वाढल्या, चांगलंच झालं. पण अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं स्वतःची पुस्तकं घेऊन बसतात. तिथे खुर्ची, पंखा, वायफाय मिळतं. पाचवीतल्या लेकराला तिथे कोण घेतं? आणि पाचवीत ज्याला वाचायची गोडी लागली नाही, तो पंचविशीत अभ्यासिकेत बसून काय रट्टा मारतो ते आपण बघतोच आहोत.

“सरकारकडे पैसा नाही.” हे मात्र मी ऐकून घेणार नाही. दोन कारणं सांगतो, दोन्ही आपल्याच गावातली.

पहिलं कारण. आयुध निर्माणी वसाहतीत केंद्रीय विद्यालय आहे. केंद्रीय विद्यालय संघटनेत ग्रंथपाल हे नियमित, पगारी पद आहे आणि त्यासाठी भरती निघते. नागभीड तालुक्यात तळोधी बाळापूरला नवोदय विद्यालय आहे, नवोदयमध्येही हे पद असतं. म्हणजे केंद्र सरकारच्या शाळेतल्या मुलाला ग्रंथपाल हवा हे मान्य आहे. मग तिथून चार किलोमीटरवरच्या अनुदानित किंवा जिल्हा परिषद शाळेतल्या मुलाला का नको? त्याची बुद्धी कमी आहे का?

दुसरं कारण. आपली जमीन खोदून कोळसा जातो. धूळ आपण खातो, ब्लास्टिंगने भिंतींना तडे आपल्या जातात. त्या बदल्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे, 2015 पासून. त्या निधीसाठी केंद्राने जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात शिक्षण हा प्राधान्याचा विषय आहे. त्यात इमारती आणि वर्गखोल्यांसोबत ग्रंथालयं आहेत, आणि शिक्षक व इतर सहायक कर्मचारी नेमण्याचीही सोय आहे. म्हणजे रस्ता कागदावर मोकळा आहे. पण इमारतीला टेंडर असतं, कंत्राटदार असतो, फीत असते, पाटीवर नाव असतं. माणसाच्या पगाराला यातलं काहीच नसतं.

म्हणून माझं म्हणणं तीन ओळींत.

एक, निवृत्तीने रिकामी झालेली ग्रंथपालांची पदं आहेत त्या शाळेत भरा. पटसंख्येचं कारण सांगून ती बाद करू नका, आणि त्यांचा भत्ता तर अजिबात करू नका.

दोन, लहान शाळांसाठी पट मोजणं बंद करा. केंद्रशाळेला एक पूर्णवेळ ग्रंथपाल द्या. तो ठरलेल्या दिवशी केंद्रातल्या प्रत्येक शाळेत जाईल, देवघेव करेल, वाचनाचा तास घेईल. बी.लिब., एम.लिब. करून घरी बसलेली पोरं आपल्याच जिल्ह्यात आहेत.

तीन, सरकारी तिजोरीतून होईपर्यंत खाणबाधित गावांत हा पगार खनिज निधीतून द्या. पण पूर्ण द्या, मानधनाच्या नावावर तुकडा टाकू नका.

आता तुमचं काम. पुढच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत फक्त दोन प्रश्न विचारा: आपल्या मुलांनी गेल्या महिन्यात किती पुस्तकं घरी नेली? आणि देवघेवीची वही कुठे आहे? वही दाखवता आली नाही, तर तिथेच ग्रंथपालाच्या मागणीचा ठराव घ्या आणि एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक जिल्हाधिकारी कार्यालयाला द्या. ग्रामसभेतही घ्या. शिक्षक मतदारसंघाची निवडणूक आली की उमेदवार दारात येतात, तेव्हा त्यांनाही विचारा.

मुख्याध्यापकांवर आणि चार्ज असलेल्या गुरुजींवर राग काढू नका, ते आपल्यासारखेच अडकलेले आहेत. राग मंत्रालयातल्या त्या पट्टीवर काढा, जी हजार पोरांखाली पुस्तकाची गरजच मोजत नाही.

तुमच्या शाळेत ग्रंथपाल आहे की नाही, पद कधीपासून रिकामं आहे, कमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा. मी तालुक्याची यादी करतो आहे. ती घेऊन आपण सगळे मिळून जाऊ.

#शाळेतग्रंथपालहवा #भद्रावती