मागाचा खडखडाट आणि कामगाराचा कान

नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत नियोजित पंतप्रधान मित्र वस्त्रोद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. वऱ्हाडचा कापूस वऱ्हाडातच विणला जावा, ही अपेक्षा रास्तच होय. परंतु मागाबरोबर खडखडाटही येतो, त्याचे काय?

अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेत सुमारे १५ हजार केशपेशी असतात. सततच्या गोंगाटाने त्या मरतात आणि मनुष्याच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर हरपतात. बोलण्यातील ‘स’, ‘श’ पुसट होतात. कान दुखत नाही, म्हणून कामगार दवाखान्याची पायरी चढत नाही. घरची माणसे मात्र ‘लक्षच देत नाहीत’ म्हणून बोल लावतात. कानात कापसाचा बोळा कोंबणे हा (कापसाच्या या मुलखातही) उपाय नव्हे.

कारखाना कायद्याच्या दुरुस्तीने हा बहिरेपणा व्यावसायिक रोगांत गणला गेला. पण मोजमापच नसेल, तर नोंद कशाची होणार? कामावर घेतानाच प्रत्येकाची श्रवणचाचणी व्हावी, दरवर्षी ती पुन्हा व्हावी. अमरावतीच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी ते आलेख अभ्यासावेत. पहिला आलेखच हाती नसेल, तर उद्या भरपाई मागणाऱ्यास ‘तू आधीपासूनच बहिरा होतास’ असे सांगणे मालकास सोपे जाईल.